आधी जुना माल

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकते तेवढा; उरलेला मनाने केला आहे, तोही धरून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला, की तोही आता घरचाच झाला? इकडे सगळे सुखरूप. सगळे म्हणजे चिरंजीव आणि सूनबाई. माझं काही विचारू नकोस. तू विचारणार नाहीस याची खात्री आहे, म्हणून आपणहून सविस्तर लिहितो.

फोनच केला असता, पण माझं कानात सांगितलेलंही खालच्या मजल्यावर ऐकू जातं. शिवाय ज्यांच्याबद्दल सांगायचं ती माणसं भिंतीपलीकडे बसलेली असतात आणि भिंत कसली, पुठ्ठाच तो.

आधी हवेचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. पूर्वी थंडी थंडीच्या दिवसांत पडायची आणि ऊन उन्हाच्या. आता हवेने कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. मागच्या महिन्यात सकाळी स्वेटर, दुपारी नुसता बनियन आणि संध्याकाळी छत्री, असे एकाच दिवसात माझे तीन ऋतू झाले. टीव्हीवरची बाई रोज हसत हसत सांगते की उद्या पावसाची शक्यता आहे, पण कदाचित पडणारही नाही. एवढं तर मी सातवी शिकूनही सांगतो. (तिला त्याचा पगार मिळतो. मला टोमणे मिळतात.)

आता अशा हवेत अन्न नासतं. हे मी म्हणत नाही, पेपर म्हणतो. कुठल्याशा कारखान्यात दुपारचा भात खाऊन चाळीस माणसं आडवी झाली. चाळीस! मी सूनबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणतात, "बाबा, आपण तिघंच आहोत." झालं. संपला विषय. तिघांना विषबाधा होत नाही असा नवा शोध लागलेला दिसतो.

तेव्हा घराची काळजी मलाच घ्यावी लागली. दुधाचा थेंब तिरक्या बशीवर सोडून कसा ओघळतो ते पाहिलं. (ओघळला. आता नीट ओघळला की वाईट ओघळला, हे पेपरात पुढच्या पानावर होतं आणि ते पान चिरंजीव ऑफिसला घेऊन गेले होते.) सफरचंदाला मेण लावतात म्हणे, म्हणून सुरीने खरवडलं. मेण निघालं, आणि त्याबरोबर बरंचसं सफरचंदही निघालं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, अंडी कधीची? तर तो भर गिऱ्हाइकांत म्हणतो, "आजोबा, कोंबडी तारीख टाकायला विसरली." सगळे हसले. हसा. पोटात कळ आली की दुकानदार येणार आहे का शेकायला?

ताई, तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं गोदामात माल लावला. तिथे एकच कायदा होता, आधी जुना माल बाहेर, मग नवा. आत आलेल्या प्रत्येक पोत्यावर तारीख आणि त्याची जागा मागच्या रांगेत. या कायद्यामुळे माझ्या हाताखाली एक पोतं कधी सडलं नाही. साहेबांनी शेवटच्या दिवशी हात मिळवून तसं सांगितलंसुद्धा. तोच कायदा मी आपल्या फ्रीजला लावला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. ताजा डबा मागे, जुना पुढे. जुना संपल्याशिवाय ताज्याला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी आम्ही आदल्या दिवशीची भाजी खाल्ली आणि त्या दिवशीची मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी ती खाल्ली आणि नवी मागे ठेवली. शिस्त कशी लागली होती! तीन आठवडे या घरात एक कण वाया गेला नाही. पण चांगलं कोणाला बघवतं? एका मंगळवारी चिरंजीव घास हातात धरून म्हणाले, "बाबा, आपण तीन आठवडे रोज शिळंच खातोय, हे तुमच्या लक्षात आलंय का?" मी म्हटलं, शिळं नव्हे, रांगेतलं. त्यावर सूनबाई म्हणाल्या, "मी सकाळी सहाला उठून ताजं करते, ते काय बाबांच्या गोदामात भरायला?" आता यात गोदामाला मध्ये आणायचं काही कारण होतं का? एकतीस वर्षं त्याच गोदामाने यांच्या नवऱ्याच्या फिया भरल्या.

एवढंही मी गिळलं. पण मागच्या शुक्रवारी नको त्या दिवसांत वादळ आलं. दुपारची वेळ, घरात मी एकटा. विजा अशा कडाडल्या की मी गोदामातल्या सवयीने उठून मेन स्विच पाडला. (वीज चमकली की आधी स्विच, मग छप्पर बघायचं, असा आमचा नियम.) मग डोळा लागला. चार तासांनी उठलो तर फ्रीज बंद, आत पाणी ठिबकतंय. सूनबाईंनी सुट्टी घेऊन आदल्या दिवशी चार भांडी भरून स्वयंपाक केला होता. शनिवारी त्यांच्या ऑफिसातल्या बायका जेवायला यायच्या होत्या. मी विचार केला, त्या बायका आडव्या पडल्या तर नाव कोणाचं जाईल? सूनबाईंचंच. म्हणून चारही भांडी कचऱ्यात ओतली आणि घासूनसुद्धा ठेवली. त्याचं कौतुक राहिलं बाजूला.

"बाबा, सगळ्या इमारतीत दिवे आहेत," संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या सूनबाई दारातूनच म्हणाल्या. "वीज गेलीच नव्हती."

"मग फ्रीज का बंद पडला?"

"तुम्ही पाडलात म्हणून."

मला राग आला. खरं ऐकलं की येतोच. मी सरळ सांगून टाकलं की उद्यापासून या घरातल्या अन्नाचा एक कणही मी तोंडात घालणार नाही, माझं मी करून खाईन. ताई, असं म्हटल्यावर जगात सगळीकडे समोरचं माणूस "अहो बाबा, असं काय करता" म्हणतं. मीही तेवढ्यासाठी थांबलो. सूनबाई रिकाम्या भांड्यांकडे बघत म्हणाल्या, "बरं." एवढंच. बरं!

आज सहावा दिवस. माझ्या खोलीत विजेची शेगडी मांडली आहे. पहिल्या दिवशी भात केला, तो भांड्यासकट एकजीव झाला. अंडं उकडलं, ते फुटून पाण्यात सांडलं, पाणी प्यायलो. बाकी पाव आणि केळी. पण अन्न इतकं सुरक्षित आहे की विचारू नकोस. शिळं काही उरतच नाही, कारण खाण्याजोगं काही तयारच होत नाही. रोज आठ वाजता भिंतीपलीकडून फोडणीचा वास येतो. मी खिडकी लावून घेतो. वास दाराखालून येतो. मी अगदी मजेत आहे, काळजी नसावी. भावजींना नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता.क. तुझा शब्द मी कधी मोडत नाही हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तू चिरंजीवांच्या फोनवर फोन कर, मला बोलाव आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दम दे, की मुकाट्याने घरचं जेव. मी थोडा वाद घालीन. तू दमू नकोस. तिसऱ्या वेळेला मी ऐकेन. पत्राचा उल्लेख करायचा नाही.

ता.क. दुसरा. त्या ऑफिसातल्या बायकांना शनिवारी बाहेरून मागवून वाढावं लागलं. रात्री सूनबाईंचे डोळे सुजलेले दिसले. त्यांची माफी मागायची आहे. तेवढंही दम देताना सांग, म्हणजे ते तुझ्या हुकुमावरून होईल.

ता.क. तिसरा. पत्र सोमवारी पोचेल असं धरून मंगळवारी आठ वाजता फोन कर म्हणणार होतो. पण आत्ताच सूनबाईंनी दारावर टकटक करून विचारलं, "बाबा, दोन घास खाता का? ताजं आहे." आणि माझ्या तोंडून सवयीने "नको" गेलं. त्या पुन्हा "बरं" म्हणाल्या. तेव्हा मंगळवारची वाट बघू नकोस. पाकीट फोडलंस की लगेच कर.