तळघरातलं स्टेशन

आप्पा, तळघराचं काम पुरं झालं होतं. एप्रिल संपता संपता गवंड्यानं हात धुतले, मी खाली उतरून चारही भिंतींवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, चला, आयुष्यात एक काम तरी शेवटाला गेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचात, "औंदा तळघर पक्कं करून घिऊ." तुमचं ते औंदा तुम्ही गेल्यावर अकरा वर्षांनी उजाडलं. आता जुलै चालू आहे. आज सकाळी मी त्याच जिन्यावर बसले होते आणि खालच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. तुमचं स्टेशन पाण्यात आहे, आप्पा. मला ते वाचवता आलं नाही आणि आता येणारही नाही.

तुम्हाला हे सगळं ठाऊकच आहे, पण क्रमानं लिहिल्याशिवाय माझं मलाच नीट दिसत नाही. पाटीवर गणित मांडायची सवय. रेल्वेच्या दुसऱ्या गेटाजवळचा आपला प्लॉट रस्त्यापेक्षा खाली होता. सगळे म्हणाले, भर घाला आणि मग बांधा. तुम्ही म्हणालात, एवढी माती वतण्यापरीस खाली एक खोली काढू. अशी ती खोली निघाली, स्वयंपाकघरातून नऊ पायऱ्या उतरून जायची. जमीन मातीची, भिंतींना गिलावा नाही, वरच्या अंगाला एक झरोका. आई तिथं नारळ आणि जळण ठेवायची. तुम्ही घरी बसलात तसं जळण कोपऱ्यात सरकलं आणि तुम्ही पाटावर मांडी घालून तेलाच्या डब्याचा पत्रा कापायला लागलात. खानापूर ते लोंढा या पट्ट्यात मीटर गेजच्या रुळांवर तुमची तीस वर्षं गेली होती, गँगमेट म्हणून. दहा-बारा माणसांची टोळी, पहारी, हातोडे, खडी आणि वर तो जांबोटीकडून येणारा न थांबणारा पाऊस. मोठी लाईन आली तेव्हा ते लहान रूळ तुमच्याच टोळीला उखडायला लावले. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. आईला एवढंच म्हणालात, "ह्याच हातानं बशिवल्यालं, ह्याच हातानं काढलं गं." पुढं काही महिन्यांनी जंगलातलं ते छोटं स्टेशन आपल्या तळघरात परत उभं राहायला लागलं. कौलारू छपराची एक खोली, पाण्याची टाकी, हात पाडलेला सिग्नल, चार डबे, आणि पत्र्याचं काळं इंजिन, ज्याच्या पोटात आपल्या बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर होती. रूळ मात्र हातभरच झाले होते. इंजिन हातभर जायचं आणि तुम्ही ते उचलून परत मागं ठेवायचात.

मी तेव्हा कॅम्पातल्या शाळेत गणित शिकवत होते. रविवारी खाली येऊन तुमच्या शेजारी बसायची. एकदा तुम्ही बाजाराला गेला असताना मी पितळी पट्ट्यांचा वीतभर रूळ पत्र्याच्या स्लीपरांवर कथलाचा डाग देऊन बसवला, अगदी सरळ, निदान मला तरी सरळ दिसणारा. तुम्ही इंजिन ठेवलंत आणि ते दोन बोटं जाऊन आडवं पडलं. मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही. "पोरांस्नी गणित शिकिवतीस न्हवं? मग डोळ्यावर कशाला इश्वास ठेवतीस? डोळा लबाड असतोय. गेज लाव आदी." मी तिशी ओलांडलेली बाई, हजेरी घेणारी, छड्या मारणारी, आणि तुमच्या त्या एका वाक्यानं माझे डोळे भरून आले. दिवाळीला आईनं मला साडी दिली आणि तुम्ही शिसवी लाकडाचा एक तुकडा दिलात, बोटभर लांब, दोन खाचा असलेला. दोन रुळांतलं अंतर मोजायचं गेज. "ह्यो तुझा. कुणाला दिऊ नगं." साडी कधीच फाटली. गेज अजून आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

आणि विहीर. तुमचं ते पावसातलं विहीर उपसणं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. उन्हाळ्यात सगळेच पाणी काढतात. तुम्ही आषाढात काढायचात. वर धो धो पाऊस, डोक्यावर घोंगड्याची खोळ आणि तुम्ही रहाटावर उभे, बादलीमागून बादली ओढून गटारीत ओतताय. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, "आप्पा, वरनं देव वततोय आणि तुमी खालनं उपसताय, कुणाचं खरं व्हायचं?" मला लाज वाटायची. शाळेतल्या बायका घरी आल्या की मी परसाचं दार लावून घ्यायची. रोज सकाळी चहाच्या आधी तुमचा एकच प्रश्न असायचा, "पाणी किती हाय?" मी किंवा आई जाऊन डोकावून यायचो आणि सांगायचो, चार हात खाली, तीन हात खाली. तीनाच्या वर पाणी आलं की तुम्ही दोर उचलायचात.

का उपसायचं, हे तुम्ही मला सांगितलं होतं. हीच गोष्ट मला आता गिळता येत नाही. तुम्ही मला हाताला धरून तळघरात नेलंत आणि परसाकडच्या भिंतीच्या पायथ्याचं भोक दाखवलंत. मूठभर रुंदीचं, कडेनं दगड नीट बसवलेले. डोंगर कापून लाईन काढतात तिथल्या भिंतींना असली भोकं ठेवतात, म्हणालात. मातीत मुरलेलं पाणी त्यातून निघून जातं, म्हणून भिंत ढकलली जात नाही. आपल्या भोकाची वाट विहिरीला जाते. विहिरीचं पाणी खाली राहिलं तर तळघराचं पाणी तिकडं उतरतं, विहीर भरली तर तेच उलटं आत येतं. "रूळ गाडीनं जात न्हाय पोरी, पाण्यानं जातोय. पाण्याला वाट दे, मग ते तुझ्या वाटंला जायाचं न्हाय." माझ्या हातात सहामाहीचे पेपर होते. मी पेपरांतून मान वर न काढता म्हणाले, "व्हय आप्पा." पस्तीस वर्षं मी पोरांना ओरडत आले की नुसती मान हलवू नका, कळलं का ते सांगा.

विहीर मी बुजवली. ते कसं झालं हे शेवटी लिहीन, आत्ता हात वळत नाही. तुम्ही गेल्यावर तळघराला मी कुलूप घातलं. दर पावसात तिथं ओल यायची, मी भिंतींना घाम आला म्हणायची. बुजवलेल्या विहिरीतल्या दगडविटांतून थोडं थोडं पाणी तरी अजून निघून जात होतं, हे आता कळतं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाचा नारळ घेऊन घरी आले आणि या घरात आपण करायचं काय, हे मला उमगेना. मग कुलूप काढलं. तुमच्या इंजिनावर धूळ होती, पण गंज नव्हता. मला वाटलं, एवढंच एक राहिलंय. आप्पांचा हातभर रूळ गोल करायचा. गाडी निघाली पाहिजे आणि निघाली तिथंच परत आली पाहिजे. त्यानंतर माझं काही झालं तरी चालेल.

बेळगुंदीचा गवंडी बोलावला, विहिरीच्या वेळचाच, आता त्याचेही केस पांढरे झालेत. खाली काँक्रीट, वर फरशी, भिंतींना गिलावा, त्यावर पाणी न झिरपणारा लेप, छताला दिवे. तुम्ही पाटावर बसून काम करायचात म्हणून मी स्टेशनासाठी फूटभर उंचीचाच चौथरा करून घेतला, प्लायवूडचा. गुडघे दुखतात माझे, तरी. गवंडी त्या भोकापाशी थांबला. "आक्का, ह्ये मुद्दाम ठिवल्यालं दिसतंय. कडंनी दगुड बशिवल्यात बगा."

"उंदीर येतात त्यातनं. बुजवा."

"जुन्या मानसानं ठिवलंय म्हंजे कायतरी..."

"बुजवा म्हटलं ना."

मी वर्गात बोलते तशी बोलले. त्यानं सिमेंट कालवलं आणि भोक लिंपून टाकलं. मी तिथंच उभी होते, आप्पा. तुम्ही हाताला धरून दाखवलेलं भोक होतं आणि मला काही म्हणता काही आठवलं नाही. आठवलं ते मोटरीची तार कुठून न्यायची ते.

पुढचे दिवस मात्र चांगले गेले, ते खोटं कशाला सांगू. तुमच्या मापाचे रूळ बाजारात मिळत नाहीत, तुमचं माप कुठल्याच कंपनीचं नाही. मी पितळी पट्ट्या आणल्या, दर बोटाला गेज लावलं, डोळ्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही. डोंगर केले, टाकीला निळा रंग दिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, इंजिन लावलं. ते तुमचा हातभर रूळ ओलांडून माझ्या रुळावर आलं तेव्हा मी श्वास धरला होता. पडलं नाही. टाकीला वळसा घातला, डोंगरामागून निघालं आणि खरडत खरडत स्टेशनात परत आलं. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. वर येऊन चहा केला, तो दोन कप झाला.

मग पाऊस लागला. आधी फरशीच्या सांध्यात काळी रेघ, मग रेघेवर पाणी. गवंड्याला निरोप धाडला, त्याची कामकरीण फडकं घेऊन खाली गेली आणि तिथूनच कानडीत ओरडली, "अक्का, नीरु बंतु!" पाणी आलं, ते मला दिसतच होतं. पंप लावला. दिवसभर उपसलं की पाणी खाली जायचं आणि पंप बंद केला की दुपारच्या चहापर्यंत परत तेवढंच. लिंपलेलं भोक फोडलं, तर त्यातूनही पाणी आतच आलं, कारण पलीकडं आता विहीर नाही, नुसता भिजलेला राडा आहे आणि भोक बंद झाल्यापासून तोही गाळानं गच्च झालाय. चौथऱ्याचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले, डोंगर विरघळले, कौलारू खोली तरंगून एका कुशीवर पडली. इंजिन वर आणीन म्हणेपर्यंत चौथरा वाकला आणि ते पाण्यात गेलं. काठीनं चाचपून काढलं, मोटर मेली होती. परवा गवंडी येऊन बघून गेला. भिंतीला तडा गेलाय. "आक्का, आता भरून टाका. न्हायतर वरचं घर बसंल. पावसानं उघडीप दिली की मुरूम टाकू." मी हो म्हटलं. बासष्टाव्या वर्षी नवीन काय मांडणार? जे मांडायचं होतं ते पाण्यात बसलंय आणि त्यावर माती पडायची आहे. माझ्यामागं हे स्टेशन असं दिसायचं, इथं टाकी होती, हे सांगणारं कुणी नाही.

आज सकाळी जिन्यावर बसले होते तर काहीतरी तरंगत पायरीला येऊन लागलं. तुमचं गेज. पितळ बुडालं, पत्रा बुडाला, हे लाकूड तेवढं वर राहिलं. पुसून समोर ठेवलंय. त्याच्याशेजारी बसून हे लिहितेय. लिहून झालं की घडी करून गेजसोबत पर्समध्ये ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकणार?

आता विहिरीचं. तुम्ही गेल्यावर बुजवली असं मी सगळ्यांना सांगत आलेय, कधी कधी स्वतःलाही. तुम्ही जिवंत होतात, आप्पा. आई गेल्यावर तुमचं अर्धं अंग गेलं, दवाखान्यात पंधरा दिवस काढले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाकाची खुर्ची आत जाईल असं बाथरूम खोलीला लागून करा. जागा परसात विहिरीचीच होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. गवंडी म्हणाला, "आक्का, हीर बुजवताय तर तिची वटी तरी भरा." मी खण, नारळ, तांदूळ सोडले आणि त्यावर जुन्या न्हाणीघराचा राडारोडा लोटला. तुम्ही घरी आलात ते पलंगावरून उठलाच नाहीत. त्या बाथरूमात तुम्ही एकदाही गेला नाहीत.

आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, वाकड्या झालेल्या तोंडानं तुम्ही विचारायचात, "पाणी किती हाय?" मी परसाच्या दारापर्यंत जायची, तिथं थोडं थांबायची, सिमेंटकडं बघायची आणि परत येऊन सांगायची, "तीन हात खाली हाय, आप्पा." पावसात विचारायचात, "उपसलं?" मी म्हणायची, "व्हय, उपसलं." तुम्ही डोळे मिटायचात. चौदा महिने मी हे केलं, एकही सकाळ न चुकवता.

आज तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. गुडघ्याच्या वर आहे, आप्पा. उपसलं नाही.