०४१७ क्रमांकाचे पत्ते

दुसऱ्या कॅटचं प्लास्टिकही आत्ताच फोडलं, दाजी, तेव्हा उभे असाल तर बसून घ्या. (नमस्कार राहिला. तो पायांवर डोकं ठेवून केला आहे असं समजा. तुमच्या गुडघ्याची आणि खोकल्याची चौकशीही त्यातच आली.) पहिला कॅट काल फोडला. ‘प्लास्टिकला हात लावू नये, सगळी किंमत त्यातच आहे,’ असं तुम्ही पार्सलवर लाल शाईने लिहिलं होतं, ते वाचलं. पण मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली आणि आता लोकांचे जुने कागद पारखतो. सदरा बघून नाडी सांगणारा वैद्य मी नव्हे.

तुम्ही लिहिता, बावन्न पत्त्यांवर बावन्न युद्धचित्रं. मी मोजली. रणगाडे तीन आहेत. ते कधी डावीकडे तोंड करतात, कधी उजवीकडे. तेवढ्यावर इस्पिकचं अख्खं घराणं निघालं आहे. किलवरच्या सगळ्या विमानांमागे एकच ढग आहे. दुर्रीपासून राजापर्यंत तो जागचा हललेला नाही. (इतका शिस्तीचा शिपाई त्या कॅटमध्ये दुसरा नाही.) बदामच्या राणीच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, पण छापताना लाल रंग सरकला, त्यामुळे तिचे ओठ गालावर गेले आहेत. चौकटच्या गुलामाने दुर्बीण उलटी धरली आहे. शेजारचे घड्याळवाले आपलं भिंग घेऊन आले होते. बराच वेळ पाहून म्हणाले, “हे लोक हरले असणार.” बायको म्हणाली, “राणी तेवढी सुटलेली दिसतेय. बाकीच्यांचं तुम्ही बघा.”

आता प्रमाणपत्र. सोनेरी किनार, मध्ये ‘मर्यादित आवृत्ती’, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘फक्त पाच लाख’. पाच लाखांना मर्यादित म्हणायचं, तर मुंग्याही मर्यादितच आहेत. शिवाय क्रमांकाला घरं चारच. चार घरांत पाच लाख कसे मोजणार, हे तुमच्यासारख्या गणित शिकवलेल्या माणसाला मी काय सांगू? तुमचा तो शुभ आकडा, ०४१७. क्रमांक टाकायचं यंत्र मी अकरा वर्षं चालवलं. ते कागदाला चावतं. मागून बोट फिरवलं की आकडा लागतो. इथे मागची बाजू गुळगुळीत. म्हणून दुसरा कॅट फोडला. त्याचाही क्रमांक ०४१७. तुमच्याकडच्या उरलेल्या दोनशे अठ्ठ्याण्णवांचे क्रमांक मी इथून सांगू शकतो.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण ताईचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं आहे. तिच्या खोलीत तुमची खोकी, ओल लागू नये म्हणून खिडकी बंद, आणि ताई बाहेर वाऱ्यात शाळेचे ऐंशी गणवेश शिवते आहे. एका हाताने कापड धरते, दुसऱ्या हाताने शिवते. (हे मला तिने सांगितलं नाही. ती तक्रार करत नाही, यावरच तुमचा सगळा संग्रह उभा आहे.) खोकी तिथेच राहावीत म्हणून तिला दाखवायला तुम्हाला माझ्या सहीचा कागद हवा आहे. घ्या. वस्तू: पत्ते. अवस्था: उघडलेले. मूल्य: खेळण्याजोगे. तुम्ही तो तिला दाखवणार नाही, याची खात्री आहे. म्हणून एक नक्कल संध्याकाळच्या बसने, कंडक्टरच्या हाती, परस्पर ताईकडे जाते आहे. तुमचं पत्र टपालाने येईल. घाई नाही.

मशीन आत घ्या.

तुमचा मेव्हणा

ता. क. काल आणि आज संध्याकाळी आम्ही तिघं खेळलो. पत्ते हाताला बरे आहेत, हे लिहायला मला जड जातंय. पहिल्या कॅटमधली किलवरची सत्ती कपाटाखाली गेली आणि कपाट हलत नाही. दुसऱ्या कॅटमध्ये ती मुळात नाहीच. किलवरच्या छक्क्या मात्र दोन आहेत. डाव अडला आहे. एक कॅट पाठवता का? क्रमांक कुठलाही चालेल.

आणखी एक, दुसऱ्या दिवशी. आज सकाळी पहिल्या बसने ताई आली. मशीन टपावरून मी आणि घड्याळवाल्यांनी उतरवलं. ते आता खिडकीपाशी, माझ्या टेबलाच्या जागी आहे. टेबल गॅलरीत आहे. हे मी एका हाताने कागद धरून लिहितो आहे. सव्वीस गणवेश राहिले आहेत. ताईने येताना पिशवीतून एक कॅट आणला, फोडलेला. सत्ती पाठवू नका.