पहिली वीट तुमची

हैदराबाद

तीर्थरूप आबांच्या पायावर सोमेश्वरचं डोकं.

फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई, म्हणून लिहून राहिलो. धाकट्या प्रतिक्षाकडून वाचून घ्या. आईचा खोकला कमी झाला का?

पडलेल्या मातीच्या भिंतीच्या जागी पत्रे ठोकायचे न्हाई. तिथं विटेचीच भिंत होईल. मी इथं पत्र्याच्याच खोलीत राहतो. दुपारी आत बसवत न्हाई, पण माझी तब्येत बरी हाय. आईला मात्र तसल्या भट्टीत दम लागंल. विटेच्या घरात गारवा राहतो, अन् हळदीच्या पोत्यांपर्यंत उंदीर पोचत न्हाई.

विटा उतरवताना दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत वाजल्या तरच घ्या. अन् विटा भिजवायला हौद भरून ठेवा. काकांनी कोरड्याच विटा लावल्या, विटांनी सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पिऊन घेतलं, म्हणून काकांची भिंत कच्ची राहिली.

शेती सोडून मी गवंडी झालो, ते तुमाला अजून पटलं न्हाई, ठाऊक हाय. सात वर्षं लोकांची घरं बांधली. आता होळीआधी येऊन आपलं बांधणार.

पत्रेवाल्याला परत पाठवा. पहिली वीट तुमच्या हातानं बसंल. तुमी ठेवल्याबिगर मी दुसरी उचलणार न्हाई.

तुमचा,
सोमेश्वर