गेणभाऊंचे टायर आणि आमच्या जीपचं पासिंग

मु. पो. महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
रविवार, २० जून १९९९

आदरणीय चांगदेव दाजी,

हौशीरामचा मनापासून नमस्कार. तुमचा नाशिकचा डेपो, खोलीचं गळकं छप्पर आणि तुमची कंबर, या तिघांची खुशाली कळवावी. इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. गेल्या गुरुवारी मी डोंगरात तुमच्या गावी जाऊन अंजनाला पाहून आलो (फाट्यापर्यंत तुमच्या एसटीने आणि पुढे दोन तास पायी, हे मुद्दाम लिहितोय). तब्येत उत्तम आहे. तिने मला एकच विचारलं, की दादा, जीप पास झाली का? दोन तास चढून आलेल्या भावाला पाणी हवं का, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दाजी, तुमचं मे महिन्यातलं पत्र मला आता पाठ झालंय. तुमचेच शब्द : लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलणार आहे, तेव्हा अंजनाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं ते धड गाडीतून. आणि हौशीरामच्या जीपमधून न्यायचं तर आरटीओच्या पासिंगचा मूळ कागद मी डोळ्यांनी पाहिल्यावरच, झेरॉक्स चालणार नाही. अठरा वर्षं एसटी चालवून कुणाला खरचटूही न दिलेला माणूस असंच लिहिणार, मला त्याचा राग नाही. (आला होता, पण उतरला.) मात्र तुमच्या गावच्या त्या चार मैलांच्या चढावर पावसात दुसरी कुठली गाडी जात नाही हे तुम्हीही जाणता. डॉक्टरांनी तारीख दिलीय पाच-सहा जुलैची. म्हणजे कागद मिळाला नाही तर माझ्या बहिणीला भर पावसात डोलीत बसून खाली यावं लागलं असतं, आणि या विचाराने मला महिनाभर नीट जेवण गेलं नाही.

जीप तुम्ही पाहिलेलीच आहे. वडिलांनी ती लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हा मी चौथीत होतो. इंजिन अजून एका हँडलला उठतं. बाकी सामानाबद्दल तसं म्हणता येत नाही. डावा दिवा लागत नव्हता, वायपर होता तो आतून हाताने फिरवायचा, आणि टायर तळहातासारखे गुळगुळीत. पण आमच्याकडे त्याची कुणी काळजी करत नाही, कारण जुन्या जीपच्या पासिंगची इथे एक रीत आहे, जी तुम्हा एसटीवाल्यांना ठाऊक नसणार.

वारूळवाडीला गेणभाऊ म्हणून आहेत. त्यांच्याकडे चार कोरे टायर आहेत. या टायरांनी आजवर रस्ता असा पाहिलेलाच नाही, फक्त पासिंग पाहिलंय. पाण्याच्या टाकीशेजारी गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असतात. जुन्नर-आंबेगावात ज्याच्या जीपचं पासिंग असेल त्याने आदल्या दिवशी नारळ घेऊन जायचं, टायर चढवायचे, पास व्हायचं आणि संध्याकाळी टायर धुऊन परत द्यायचे. गेणभाऊ एक पैसा घेत नाहीत. मात्र पासिंगला बरोबर येतात आणि पूर्ण वेळ टायरांकडे बघत उभे राहतात, जसं काही लेकीचं लग्नच आहे. दिवा आमच्या गावच्या जीपवाल्या भिकाकडून आणायचा, वायपरही त्याचाच. लग्नात उसना कोट घालतात, त्यातलाच हा प्रकार.

दोन्ही तालुक्यांचे पासिंगचे कॅम्प वेगवेगळ्या दिवशी असतात म्हणून हे इतकी वर्षं सुरळीत चाललं. या महिन्यात नेमका एकच कॅम्प लागला. तीन जीप, आणि टायर चारच. गेणभाऊंनी शांतपणे तोडगा काढला. भिकाची जीप रांगेत सहावी, जुन्नरची एक अकरावी आणि माझी सतरावी. एक पास झाली की पिठाच्या गिरणीमागे न्यायची, टायर काढायचे, पुढच्या जीपला चढवायचे. दोन जॅक आणि सात माणसं. तुमच्या डेपोत अशी झपाट्याने चाकं बदलत असतील तर मला कळवा. भिका पास झाला, जुन्नरवाला पास झाला, आणि मी घामाने निथळत सतराव्या नंबरला उभा राहिलो.

इन्स्पेक्टर साहेब वयाने लहान, बोलणं कमी. ते माझ्या पुढच्या टायरापाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. दाजी, आपण भांड्यांवर नाव घालून आणतो ना, पंगतीत इकडची तिकडे जाऊ नयेत म्हणून? गेणभाऊंनी तसंच चारही टायरांवर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक ‘गेणभाऊ, वारूळवाडी’ लिहून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत एकालाही ते खटकलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, हे गेणभाऊ कोण? आता इथे माणसाने गप्प राहायचं. पण गेणभाऊ टोपी सारखी करत पुढे झाले. “मीच की, सायेब. टायर आपलंच हायेत. लई जपल्यात.”

साहेब म्हणाले, “गेणभाऊ, तुमचे टायर पास आहेत. आज तिसऱ्यांदा. आता गाड्या दाखवा.”

मग तिन्ही जीप ओळीत उभ्या राहिल्या आणि ज्याची वस्तू त्याला परत करण्याचा कार्यक्रम झाला. पासिंगसाठी आलेले सगळे ट्रकवाले आपली रांग सोडून बघायला आले. भिका आणि जुन्नरवाल्याचे कागद अडकले, आणि माझी जीप होती तशी, गुळगुळीत टायरांवर, एका डोळ्याने उभी राहिली. साहेब तिच्याखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर येऊन स्वतः स्टिअरिंगवर बसले, माळाच्या उतारावर नेली, ब्रेक दाबला, आणि जीप जागच्या जागी उभी. दाजी, खालचं सगळं काम मी वैशाखभर माझ्या हाताने केलं होतं. ब्रेक, पाइप, स्टिअरिंगचे सांधे, पाटे, सगळं. त्यात अंजना बसणार होती. साहेबांनी हात पुसत विचारलं, एवढं मन लावून केलंत, मग वरचं उसनं का आणलंत? स्वतःच्या टायरांवर पासिंगला जाता येतं हे आमच्या दोन तालुक्यांत कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. मला लाज वाटली, हे तुम्हाला मोकळेपणाने सांगतो.

मुदत आठ दिवसांची मिळाली. टायर, दिवा, वायपर, सगळं नवं घातलं. परवा शुक्रवारी घोडेगावला पुन्हा नेली आणि जीप पास झाली! गेणभाऊ सवयीने तिथेही आले होते. टायरांवरून हात फिरवून म्हणाले, “ब्येस हायेत. पर नाव घालून ठिव.” रीत मोडली म्हणून ते जरा नाराज आहेत. आणि काल सकाळी जुन्नरवाला आमच्या दारात नारळ घेऊन उभा होता. त्याला चहा पाजला आणि गॅरेजचा पत्ता दिला.

तर मूळ कागद सोबत जोडला आहे. उजेडात धरून पाहावा. आणि तुमच्या आईंना तेवढ्या दोन ओळी लिहाव्यात, कारण बनाबाईंनी मला स्वच्छ सांगितलंय, “माझ्या ल्येकाचं पत्र आल्याबिगर सून त्या डबड्यात बसायची न्हाई.”

कळावे, लोभ आहेच, विश्वासही ठेवावा.

तुमचा मेहुणा,
हौशीराम

ता. क. (मंगळवार) : पोस्टात काल तिकीट नव्हतं, म्हणून पत्र घरीच राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी तुमच्या शेजारचा जानकू धावत फाट्यावर आला आणि तिथून त्याने फोन केला, की अंजनाच्या पोटात दुखायला लागलंय. मी पायात चपला न घालताच जीप काढली. चढ लोण्यासारखा झाला होता. वर पोचलो आणि आठवलं, कागद तर पाकिटात, पाकीट घरी. बनाबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “कागद गेला चुलीत. गाडी वळीव आधी!” आणि सुनेला धरून स्वतः त्याच डबड्यात बसल्या. ओढ्याच्या वळणावर समोर दरड आली होती. ब्रेक दाबला, जीप हातभर अंतरावर उभी राहिली. मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

आणखी एक : घोडेगावच्या दवाखान्यात दुपारी दोन वाजता तुम्हाला मुलगी झाली. अडीच किलो. दोघी सुखरूप आहेत. डेपोत तीनदा फोन लावला, लागला नाही.

शेवटचं : कागद पाकिटातून काढून घेणार होतो, पण अंजना म्हणाली राहू दे. कागदाशिवाय लेकीला जीपमधून घरी नेऊ देणार नाही, असं तिने तुमच्याच आवाजात सांगितलंय. तेव्हा दाजी, कागद पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन या.