पोरींची व्हॅन आणि गजूभाऊचा नंबर

४ जून, बुधवार
मोबाइल हातातून सुटत नाही. वेबसाइटवर आमच्या व्हॅनची लोकवर्गणी चढतेय. कुठली कुठली माणसं देताहेत, ओळख ना पाळख! १३ तारखेच्या रात्रीपर्यंत पूर्ण रक्कम जमली तर आपली, थोडी जरी कमी पडली तर सगळ्यांना परत. डीलरनेही जुनी व्हॅन तोवरच थांबवून ठेवलीय. बँकेत गेले होते तेव्हा साहेब म्हणाले, बाई, तारण काय आहे? लायसन दाखवलं तर हसले. हसा.

एसटी गावात येते तोवर घाटंजीच्या कॉलेजात दोन तास होऊन गेलेले असतात. उरते गजूभाऊची काळीपिवळी जीप. तिच्यात पुरुषांच्या गर्दीत पोरी कशा अंग चोरून बसतात, रोज बघते. माझ्या व्हॅनमध्ये सीट तेवढ्याच पोरी. महिन्याच्या पासावर डिझेल सुटतं, माझा पगारही. दहादा मांडून पाहिलंय.

६ जून, शुक्रवार
घात झाला. वेबसाइटने मोहीम गोठवली. "एकाच खात्यातून अनेक देणग्या. तपासणी होईपर्यंत नवीन रक्कम स्वीकारली जाणार नाही."

गावातल्या बायांना ऑनलाइन भरणं कुठलं जमतंय? रिचार्जला देतात तशी रोकड शकीलभाईच्या मोबाइल शॉपीत देऊन आल्या. तेही आहेरासारखं, कोणी एक्कावन्न, कोणी एकशे एक. शकीलभाईने एकेकीच्या नावाने आपल्याच खात्यातून भरले. वेबसाइटला वाटतंय, आम्हीच आमचे पैसे फिरवतोय.

"ताई, मले काय मालूम? मी तं इमानदारीत एकेक नाव टाकलं."

खूप खेकसले त्याच्यावर. मग चहाही त्यानेच पाजला. लाज वाटली.

७ जून
बकरीद. दुकान बंद, तरी शकीलभाई दुपारी घरी आला. त्याच्यासमोरच वेबसाइटच्या पुण्याच्या मॅडमचा फोन. बोलणं गोड, नियम कडक. शुक्रवारी सकाळी त्या खात्यातून आलेल्या प्रत्येक नावाला फोन जाणार. एकानेही "आम्ही दिले नाहीत" म्हटलं तर मोहीम कायमची बंद. नाव, नंबर काही बदलता येणार नाही.

फोन ठेवला तर शकीलभाईचं तोंड उतरलेलं.

"नंबर कोणाचे टाकले भाई?"
"घरचे. ज्याच्यावर रिचार्ज मारतो थेच."

म्हणजे सगळे नवऱ्यांचे. बहुतेकींनी घरी सांगूनच दिलेत. एक सोडून. गजूभाऊची बायको, संगीता. कापूस वेचणीच्या मजुरीतले पाच हजार. नाव कुठं दिसू नये म्हणाली होती. वेबसाइटवर नाव दिसत नाहीच. नंबर मात्र गजूभाऊचा आहे, आणि तो फोन दिवसभर त्याच्या खिशात असतो.

९ जून, सोम.
संगीताकडे गेले. अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. सांगितलं तर सूप तसंच हातात राहिलं.

"माय वं! आता कसं करू ताई? थे मले घरात ठेवन का?"

पूजा, तिची पोरगी, आतून पाणी घेऊन आली. बारावीला चांगले मार्क होते, वर्षभर घरीच आहे. तिच्यासमोर सं. पुन्हा डाळ पाखडू लागली. निघताना दारापर्यंत आली, एवढंच म्हणाली, "पैसे वापस नका करू पण." बरं म्हणाले. हातात काय आहे माझ्या!

१० जून
गजूभाऊला स्वतःच सांगून टाकू म्हणून स्टँडवर गेले. तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला.

"वहिनी, तुम्ही माह्या पोटावर काहून पाय देऊन राह्यल्या? कॉलेजच्या पोट्ट्यांवरच तं माह्यं डिझेल निघते. जीपचा हप्ता तुम्ही भरान का?"

खोटं नाही बोलला. मलाही हे माहीत होतं, पण मी तिकडे बघायचंच टाळत होते. काही न सांगता परत आले. भित्री कुठली.

१२ जून, गुरुवार
शकीलभाई म्हणतो, उद्या सकाळी गजूभाऊचा मोबाइल दुरुस्तीला म्हणून दुकानात ठेवून घेतो. क्षणभर हो म्हणणार होते. नको म्हटलं. नंतर तासभर वाटत राहिलं, का नको म्हटलं?

सं.चा निरोप नाही. जेवण गेलं नाही.

१३ जून
घरी बसवेना. गजूभाऊच्याच गाडीत जाऊन बसले, मागे. करणार काय होते कोणास ठाऊक. गाडी सुटणार तेवढ्यात सं. आली आणि सरळ पुढे त्याच्या शेजारी बसली. बाजार करायचाय म्हणाली. तो चकित. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

अर्ध्या वाटेत फोन वाजला. गजूभाऊने खिशातून काढून तिच्याकडे दिला, "पाह्य वं, कोणाचा हाय."

"हॅलो. हो, संगीताच बोलून राह्यली. हो, मीच देल्ले. पाच हजार. माह्या मजुरीचे."

गाडी बाजूला घेतली त्याने. इंजिन बंद. मागे आम्ही दहा-बारा जण.

"कायले देल्ले?"

"तुमच्याच गाडीत तुम्ही पूजाले बसू देत नाई. कायले, थे तुमालेच मालूम हाय."

त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग गाडी सुरू केली. घाटंजीला उतरताना मी भाडं पुढे केलं, घेतलं नाही. रागाने की कशाने, कळलं नाही. परतीला सं. त्याच गाडीतून गेली.

आता दिवेलागण झालीय. वेबसाइटवर अजून "तपासणी सुरू". दिवसभरात शंभरदा उघडून पाहिलं असेल. आता ठेवला फोन. पैसे आले तर व्हॅन येईल, पण तिच्या घरात या घडीला काय चाललंय? मला भीती वाटतेय. माझ्या गाडीसाठी ती आज एकटी बोलली, मी मागे बसून राहिले.

चप्पल घातलीय. तिच्याकडे जाते.