मधला तुकडा

बाई, मी तुमची तिसरीतली, भिंतीला टेकून बसणारी, धरणाच्या वसाहतीतली पोर. आठवत नसेन, नसू दे. तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. एवढं लिहायलाच मला अख्खी सकाळ लागली, तिसरीच्या पुढे मी गेलेच नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आनंद इतका झालाय की तो कुणातरी शिकवणाऱ्या माणसालाच सांगावा असं वाटलं. सत्तरीत मी शाळेत जाऊन आले बाई! बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी शाळेचं ऐकलं नाही तरी कुणी छडी उगारली नाही.

मी कार्डिफला लेकीकडे असते. लेक हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवरून येते ती पाय ओढत. नात चौदा वर्षांची. तिच्या शाळेच्या लायब्ररीत मुलांचा एक वाचनाचा ग्रुप आहे. त्यांच्या वयाच्या मुलांसाठीच्या जाडजूड गोष्टींच्या पुस्तकांतलं एकेक प्रत्येकानं निवडायचं, वाचायचं आणि त्या गोष्टीवर वीतभर कापडाचा तुकडा सजवायचा. नऊ मुलं, नऊ तुकडे. ते एकत्र शिवून भिंतीवर लावायचे असं ठरलं. शिवणार कोण, तर आमची बया हात वर करून मोकळी, "माय ग्रॅन!" घरी येऊन मला म्हणते, "आजी, तू गोधडी करतो ना?" करतो म्हणे! पण मी अशी हरखले की ट्रंकेतनं तुमचं अंगुस्तान काढलं. शनिवारच्या शिवणाच्या तासाला तुम्हीच दिलेलं, पितळी, कडेला चेपलेलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते तेव्हा सैल व्हायचं, आता मधल्या बोटात घट्ट बसतं. तुम्ही म्हणाला होतात, "अक्षर वाकडं आहे तुझं, टाका मात्र सरळ आहे." तेवढ्यावर मी जन्म काढला.

तर शनिवारी सगळी पोरं आमच्या किचनमध्ये. पोहे केले, दोघांनी मिरच्या बाजूला काढल्या, एकीनं तीनदा घेतले. तीनदा घेणारी आमच्या नातीची जिवलग मैत्रीण. आईवडील पॅलेस्टाईनचे, ती जन्मली इथेच, मला आजीच म्हणते. तिचा तुकडा बघून माझे हात थांबले. काळ्या कापडावर लाल दोऱ्यानं फुलीच्या टाक्यांची उभी झाडं, एक टाका इकडचा तिकडे नाही. म्हणाली, नात मध्ये बसून मराठीत सांगत होती, "हे आमच्या गावाचं डिझाइन आहे आजी. प्रत्येक गावाचं वेगळं असतं. माझ्या पणजीच्या झग्यावर होतं." गाव कुठे म्हणून विचारलं. "आता नाहीये. नाव आहे." ते नाव तिनं झाडांखाली भरलं होतं आणि त्याच्याखाली पॅलेस्टाईन.

मी आपलं विचारलं, "पुस्तकात काय आहे गं? लढाई?"

हसली. "सगळे हेच विचारतात. आम्ही पुस्तकात आलो की एक तर मरायचं, नाही तर दगड मारायचे. ह्यातली मुलगी गणितात नापास होते आणि मावसबहिणीचा ड्रेस चोरून घालते."

"मग वाईटच आहे की ती."

"भयंकर! म्हणून तर मी हे पुस्तक निवडलं."

पुढच्या गुरुवारी ती नातीबरोबर शाळेतून थेट आमच्याकडे आली, तुकडा हातात चुरगळलेला. कुणा पालकानं तक्रार केली होती म्हणे. लायब्ररीच्या बाईंनी तिला सांगितलं, गावाचं आणि देशाचं नाव उसव, त्याजागी 'मिडल ईस्ट' लिही, म्हणजे कुणाला लागणार नाही. नसेल करायचं तर हा तुकडा गोधडीत नको, त्याच्या जागी ग्रुपचं नाव लावू. सगळ्यांना सामावून घ्यायचंय ना आपल्याला, असंही म्हणाल्या. आता सगळ्यांना सामावून घ्यायला एकीला बाहेर ठेवायचं, हे कुठलं गणित? मी पोरीला विचारलं, "मग तू काय म्हणालीस?" तर म्हणाली, "मी म्हटलं, मी मिडल ईस्टची नाहीये. मिडल ईस्ट हे कुणाचं गाव नसतं." आणि मग ओट्याला टेकून रडली.

मला तुम्ही आठवलात बाई. तुम्ही 'माझे गाव' म्हणून पाटीवर पाच ओळी लिहायला सांगितल्यात. मी धरणाखाली गेलेल्या गावावर लिहिते, मारुतीचं देऊळ, चिंचेखालचा पार, नदीवर उतरायच्या पायऱ्या, वर ठसठशीत गावाचं नाव. तुम्ही येता, पाटीवर बोट ठेवता आणि म्हणता, "हे गाव आता नाही. वसाहतीवर लिही. वसाहत क्रमांक दोन." क्रमांक दोनवर काय लिहायचं हो? तिथे पत्रे होते आणि पाण्याचा टँकर होता. पण गावाचं नाव गेलं पाटीवरून. बाईंनी पुसायला लावलं, असं मी नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, जन्मभर सांगत आले.

लेक त्या संध्याकाळी म्हणाली, "आई, तू ह्यात पडू नकोस. आपल्या पोरीला त्या शाळेत अजून चार वर्षं काढायचीत."

"मी कुठे पडते? मी शिवते."

आणि शिवलं. माझ्या दोन जुन्या साड्यांचा थर अंथरला, त्याच्यावर पहिला मांडला तो तिचा तुकडा, बरोब्बर मध्ये. मग बाकीचे आठ त्याच्याभोवती. आमच्या आईची रीतच तशी, मधून सुरुवात करायची आणि धावदोरा फिरवत कडेला यायचं. पाच दिवस बसले. गुडघे बोलायला लागले, पण टाका सरळ.

काल शाळेत लायब्ररीच्या बाईंनी गोधडी टेबलावर उलगडली. आधी हसल्या, मग मधलं बघून हसू थांबलं. बाई वाईट नाही, घाबरलेली आहे. हळूच विचारलं, "हा एवढा तुकडा काढता येईल का?"

"येईल की," मी म्हटलं. "मधला आधी मांडतात. बाकीच्यांच्या कडा दुमडून त्याच्यावर बसवतात. तो काढायचा तर भोवतालचे आठही उसवावे लागतील. पोरं इथेच उभी आहेत, विचारा त्यांना, कात्री मी आणलीय."

नात माझ्याकडे बघायला लागली. "आजी, हे सगळं सांगू?"

"सगळं. गोड करून सांगू नकोस."

सांगितलं तिनं. मला तिचं इंग्रजी कळलं नाही, मान ताठ होती तेवढं कळलं. पोरांतलं कुणी कात्रीला हात लावला नाही. त्या बाई म्हणाल्या, हेड टीचरना विचारावं लागेल. मी म्हटलं, "विचारा. तोवर खिळा कुठाय?" नातीनं तेही सांगितलं, तशी पहिली हसली ती पॅलेस्टाईनची पोर, अशी खदखदून की लायब्ररीत दुसऱ्या टोकाला बसलेली मुलं वळून बघायला लागली. गोधडी लागली भिंतीवर. उद्या काढतीलही. काढू देत, माझ्याकडे अजून साड्या आहेत.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, ते मलाही कळतं. अंगुस्तानाच्या डबीत घडी करून ठेवीन. पण काल घरी येताना बसमध्ये एक गोष्ट मनात टोचत राहिली, ती लिहून टाकते. पाटी तुम्ही पुसली नव्हती. पुसायलाही लावली नव्हती. बोट ठेवून, बोलून तुम्ही पुढच्या मुलीकडे गेला होतात. मागून पोरी "बेडकी, बेडकी, पाण्यातली बेडकी" करायला लागल्या आणि मीच थुंकी लावून, मनगटानं घासून नाव पुसलं. त्या पोरीला तर तोंडावर 'उसव' म्हणून सांगितलं होतं, तरी तिनं एक टाका उसवला नाही. आणि मी इतकी खिळा मागणारी, तर गोधडीवर आमच्याही गावाचं नाव भरलंय मी, पण मागच्या बाजूला, भिंतीकडे. समोर भरायला काही मन धजलं नाही.