कोथिंबिरीच्या वाफ्यात फ्लॉक्स

आई,

गंगापूर रोडच्या त्या उतारावरच्या जांभळ्या फुलांना खरं काय लागलं, ते एकदा तुला सांगायचं होतं. रोपांचं सोड, ती पार्सलनं आली आणि पैसे बंगल्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिले. बाकी लागलं ते असं: वाळू मिसळलेला मुरूम, टेम्पोभर बर्फ, विहिरीजवळचा तुझा कोथिंबिरीचा वाफा, आणि बाजारातली तुझी बसायची जागा. यातलं शेवटचं मी कुणाला सांगत नाही. बर्फाचं मात्र सगळ्यांना सांगतो, कारण त्यावरच माझा धंदा उभा राहिला.

नव्वदीची सुरुवात होती. रस्त्याच्या कडेला भाड्याच्या पट्टीत माझी नर्सरी, म्हणजे थोडे गुलाब, थोडी जास्वंद आणि पाण्याचा एक पिंप. गंगापूर रोडला तेव्हा बंगल्यावर बंगले उठत होते. त्यातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यापुढे थेट रस्त्यापर्यंत उतार होता आणि दर पावसाळ्यात त्याचा मुरूम वाहून गटारीत जायचा. डॉक्टरीणबाईंनी मला परदेशातल्या कॅलेंडरचं एक पान दाखवलं. टेकडीच्या उतारावर फुलांची चादर, जांभळी, मधेच गुलाबी, खाली पान म्हणून दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "क्रीपिंग फ्लॉक्स. जमिनीला धरून पसरतो आणि वसंतात असा फुलतो. जमेल तुम्हाला?" मला माहीत असलेला फ्लॉक्स दिवाळीच्या आसपास पेरायचा, वीतभर वाढायचा आणि उन्हं तापली की संपायचा. हा वेगळा होता, एकदा लावला की वर्षानुवर्षं राहणारा, थंड मुलखातला. मी विचार करायला म्हणून मागच्या नळावर पाणी प्यायला गेलो, तर खिडकीतून बाईंचा आवाज आला, "हा नाही म्हणाला तर पुण्याचा माणूस बोलावू." माझे कान तुझ्यावर गेलेत. मी तोंड पुसत परत आलो आणि म्हणालो, "बाई, नाशिकच्या थंडीत नाही होणार तर कुठे होणार?"

रोपं आली ती मुठीएवढी, ओल्या शेवाळात गुंडाळलेली. त्यांची कटिंग करून अख्ख्या उताराला पुरतील एवढी वाढवायची, तर भुसभुशीत माती हवी, हाताशी पाणी हवं, दुपारची सावली हवी. असा एकच तुकडा मला माहीत होता. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस. मी पाट ओढून जवळ बसलो, तेव्हाच तू ओळखलंस. "काय पाहिजे ते बोल, मस्का नको लावू."

"वाफा पाहिजे. विहिरीजवळचा. एक हिवाळा फक्त."

"मंग मी बाजारात काय इकू? तुझं गवत?"

"एकच वाफा मागतोय, आई."

"एकच कुठं रे? तुला एक दिसतोय. माझा तेवढाच हाय."

खरं होतं ते. आबा गेल्यावर सगळी जमीन दादानं द्राक्षाला घातली होती. विहिरीजवळचा तो तुकडा तेवढा तुझा. तिथल्या जुड्या टोपलीत घालून तू गोदाकाठच्या, गंगेवरच्या बाजारात जायचीस आणि येताना कुणाला न विचारता स्वतःच्या मनानं काहीतरी घेऊन यायचीस. मला पहिली सायकल त्याच टोपलीतून आली. तू भाकरी तव्यावर टाकलीस, कडेनं पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "काढून घे. पण मुळं खोल नको जाऊ देऊ."

एका हिवाळ्यात भागलं नाही. रोपं वाढली, पण पुरेशी नाहीत. मग पावसाळाभर ती कुजू नयेत म्हणून वर कागद, खाली वाळू, असं करत वाफा माझ्याकडेच राहिला. बाजारातली जागा कुणाच्या नावावर नसते. जो रोज बसतो त्याची ती जागा. एवढा एकच कायदा, आणि तो तुला कुणीही शिकवण्याआधीपासून पाठ होता. म्हणून तू परसातला कढीपत्ता आणि दादाच्या बांधावरची चार लिंबं घेऊन रोज जात राहिलीस. एकदा मी स्कूटर लावून तुझ्या मागे उभा होतो, तुला दिसलो नव्हतो. शेजारची मिरच्यावाली तुला विचारत होती, "काय गं, कोथमीर कुठं गेली तुझी?"

"लेकानं वाफा घेतला. फॉरेनचं गवत लावलंय."

"खाता येतं का?"

"नाय. बघता येतं म्हणे."

"मंग तू बी नुसतं बघ आता गिऱ्हाइकाकडं," असं म्हणून ती हसली आणि तू तिच्यापेक्षा मोठ्यानं हसलीस. मी स्कूटर ढकलत लांब नेली आणि मग चालू केली.

त्या पावसाळ्यात तुझा गुडघा धरला. थोडे दिवस घरी राहिलीस. परत गेलीस तर तुझ्या जागेवर हरसूलकडची एक बाई बसलेली, पुढ्यात मेथी, शेपू, कोथिंबीर, सगळं ओलं हिरवं. तू भांडली नाहीस. संध्याकाळी टोपली तशीच घेऊन घरी आलीस. मी विचारलं, का नाही बोललीस? तू म्हणालीस, "काय बोलू? तिच्याकडं भाजी व्हती. माझ्याकडं टोपली." मी तावातावानं म्हणालो, "तुझी जागा मी परत मिळवून देतो. महापालिकेत ओळख आहे माझी. त्या बाईला एका शब्दात उठवतो." तू लिंबं परत फडताळात लावत होतीस.

मग दिवाळीनंतर उतार लावला. रोपं छान बसली, हिरवीगार चटई झाली. नुसती हिरवी. पाठवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, याला कडाक्याची थंडी लागते, थंडी खाल्ल्याशिवाय हा फुलावर येत नाही. आता गंमत बघ. तिकडे दादा थंडीला घाबरून पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत होता, मण्यांना तडे जातील म्हणून. इकडे मी रोज उठून अंगणात हात चोळत बघायचो की थंडी अजून का वाढत नाही. आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघरात चहाला बसलो की तू मला कप द्यायचीस, त्याला कप द्यायचीस आणि वर बघून म्हणायचीस, "त्यानं तरी कुणाचं ऐकावं? एकाच घरातून दोन अर्ज."

त्यानं दादाचं ऐकलं. संक्रांतीच्या आतच थंडी ओसरली. तेव्हा मी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, भुसा लावून, गोणपाटात. ऐन दिवसा, भर रस्त्यावर, माझी माणसं लाकडी मोगरीनं लाद्या फोडतायत आणि मी रोपांभोवती बर्फ पसरतोय. बंगल्याचा वॉचमन विचारतो, "शेठ, लगीन हाय का?" सायकलवाले थांबतात. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं. डॉक्टर दवाखान्यातून आले, गाडीतूनच बघितलं आणि आत गेले. असं आठवडाभर केलं. थंडी अशी मिळत नाही, ती महिनोन् महिने लागते, हे मला नंतर कळलं. जिथं बर्फ थेट पानांवर पडला तिथली रोपं काळी पडली.

होळीच्या सुमाराला फुलं आली. आली म्हणजे खालच्या भिंतीला लागून, सावलीच्या बाजूला, एवढी एवढीशी. बाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कॅलेंडरात जास्त होती." तुला मी स्कूटरवर बसवून दाखवायला नेलं. तू उतारावर हळूच बसलीस, एका फुलाखाली बोट धरलंस, वास घेतलास. म्हणालीस, "रंग लय भारी हाय." मग सगळीकडे नजर फिरवलीस आणि म्हणालीस, "पण याची एक जुडी नाय व्हायची." मला हसू आलं. घरी येईपर्यंत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून होतीस.

मे महिन्यात उरलेलं सगळं वाळलं. मी तिथं पिवळ्या फुलांचा वेडेलिया लावला, तो कुठेही पसरतो. पावसाळ्यात मुरूम जागचा हलला नाही. डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. आणि बर्फाची गोष्ट रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लोक शोधत यायचे, "तो बर्फवाला नर्सरीवाला कुठे बसतो?" त्यांचा हिशोब साधा होता, जो माणूस गवतासाठी बर्फ आणतो तो आमच्या लॉनला पाणी घालायला विसरणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत गंगापूर रोडवरच्या किती बागा माझ्या हाताखाली आल्या, तुला माहीत आहे. एक फूल नीट न फुलता माझं नाव झालं. पुण्याचा माणूस कधी आलाच नाही.

वाफा मी तुला परत दिला. तू वाळू चाळून काढलीस, शेणखत घातलंस, धणे रगडून पेरलेस. कोथिंबीर पहिल्यासारखीच आली, पण तू टोपली उचलली नाहीस. फाटकापाशी बसून शेजारणींना द्यायचीस, कुणी पैसे दिले तर घ्यायचीस. तू जाईपर्यंत तसंच चाललं. आता मुलं सांगतात की परदेशातून असली रोपं सहज मागवता येतात, पुन्हा करून बघा. दर ऑक्टोबरला मी आपला साधा फ्लॉक्स पेरतो, तो नाशकात नीट येतो. हे कागद बियांच्या पाकिटांखाली खणात राहतील. आणखी कुठे टाकणार?

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या जागेवरच्या त्या बाईला उठवायला मी खरंच गेलो होतो, दुसऱ्याच दिवशी. महापालिकेत माझी कुणाशीच ओळख नव्हती, पण ते तिला कुठं ठाऊक, म्हणून पांढरा शर्ट घालून गेलो. तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती जुड्यांवर पाणी मारत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "किती देऊ, दादा?"

मी म्हणालो, "दोन."